आइसलँडमध्ये आडनाव शोधूच नका

तुमचा प्रश्न असा, की गेस्टहाउसच्या मालकीणबाई कात्रीन, त्यांचे यजमान आणि दोन मुलं या चौघांची चार आडनावं कशी, आणि तुमच्या आईबाबांनी कात्रीनला हाक कशी मारायची. मी नऊ वर्षं रेक्याविकला राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात ती आडनावं नाहीतच. आपण फॉर्मवर वडिलांचं नाव मध्ये लिहितो, ते इथे शेवटी येतं आणि नाव तिथेच संपतं. यजमानांचं नाव एइनार असेल, तर मुलगा एइनारसोन, म्हणजे एइनारचा मुलगा. मुलगी एइनार्सदोत्तिर, एइनारची मुलगी. कात्रीन मात्र तिच्या वडिलांची दोत्तिर. लग्नानंतर ते बदलण्याचं कारणच नाही, कारण वडील बदलत नाहीत.

मधे षष्ठी असते आणि आपल्या सामान्यरूपासारखं नाव थोडं वाकतं. विग्दिस फिनबोगादोत्तिर 1980 ते 1996 राष्ट्राध्यक्ष होत्या. त्यांच्या वडिलांचं नाव फिनबोगी. 'घोडा'चं 'घोड्याचा' व्हावं तसं त्याचं 'फिनबोगा' झालं. आणि फिनबोगी स्वतः थोरवाल्दसोन. आजोबा, वडील, मुलगी, कुठेही समान शेपूट नाही. आईचं नावही चालतं: फुटबॉलपटू हेइदार हेल्गुसोन हा हेल्गाचा मुलगा.

थोडी खरी आडनावंही आहेत, उदाहरणार्थ माजी पंतप्रधान गेइर हार्दे यांचं. पण नवीन आडनाव घ्यायला 1925 च्या कायद्याने बंदी केली.

नवीन पहिलं नाव ठेवायचं तर 1991 पासून नामसमिती आहे. तिची एक अट मला फार आवडते: नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागला पाहिजे. नाव भाषेत वळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं! बारशाची घाई मात्र नसते, सहा महिने मुदत असते. माझ्या शेजारणीची मुलगी तीन महिने नुसती 'लित्ला' होती, म्हणजे छोटी. 2019 च्या कायद्यानंतर मुलग्याचं नाव मुलीला ठेवता येतं, आणि ज्यांची नोंद स्त्री किंवा पुरुष अशी नाही त्यांना सोन-दोत्तिरऐवजी 'बुर' लावता येतं.

आता हाकेचं. बाबांना अवघड जाईल हे मला ठाऊक आहे. डॉक्टरला नुसतं नावाने बोलवायचं, मला पहिलं वर्षभर जीभ रेटत नव्हती. पण विग्दिसना सगळा देश विग्दिसच म्हणतो, टेलिफोनची यादीसुद्धा पहिल्या नावावर लावलेली असायची आणि सारखी नावं ओळखू यावीत म्हणून पुढे व्यवसाय. 'मिसेस जोन्सदोत्तिर' म्हणणं म्हणजे एखादीला 'अहो, जोनची मुलगी' म्हणण्यासारखं आहे. नुसतं कात्रीन म्हणा, त्यात अरेतुरे नाही. ईमेलची सुरुवात 'साइल कात्रीन' अशी करा. यजमानांना लिहिताना 'साइत्ल एइनार'.