आधी तालीम, मग ठिय्या

प्रिय मुली,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. हॉस्टेलच्या मेसमध्ये काही मुलींना वेगळं बसवणाऱ्या त्या टेबलाविरुद्ध येत्या सोमवारी ठिय्या द्यायचं ठरतंय, आणि गटातले दोघंतिघं विचारतात की अहिंसा म्हणजे गुपचूप मार खाणंच ना? तुलाही त्यांचं निम्मं पटलेलं दिसतंय. माझं मत विचारलंस म्हणून सांगतो: बसा, जरूर बसा, पण सोमवारी नको.

पत्रात तू रोझा पार्क्सचा दाखला दिला आहेस. दमलेली एक शिवणकाम करणारी कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि सगळं शहर पेटून उठलं, ही गोष्ट ऐकायला छान आहे. फक्त तिच्यातून कामाचा भाग गळून गेलाय. १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली तेव्हा पार्क्सबाई अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात नागरी हक्कांचं काम बरीच वर्षं करत आल्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची मुलगी अशीच जागा न सोडल्याबद्दल पकडली गेली होती. पार्क्सबाईंच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आपल्या कॉलेजातल्या मशीनवर हजारो पत्रकं काढली, कारण त्यांच्या महिला संघटनेत बसवर बहिष्कार घालायचा विचार आधीपासूनच चालू होता. मग बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले, शेकडो खासगी गाड्यांची ने-आण बसवली गेली, कुणी कुणाला कुठून घ्यायचं ते थांबेही ठरले. आणि सुरुवातीची मागणी काय होती? वेगळ्या जागा बंद करा, अशीसुद्धा नाही. ड्रायव्हरने नीट बोलावं, कृष्णवर्णीयांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून, जो आधी येईल त्याने आधी बसावं, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या मार्गांवर त्यांच्यातले ड्रायव्हर नेमावेत. एवढीच.

या बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, त्या दिवसांत घरात बंदूक होती, शस्त्र जवळ बाळगायच्या परवान्यासाठी त्यांनी अर्जही केला होता. तो नाकारला गेला. म्हणजे अहिंसा घेऊन ते जन्माला आले नव्हते. ती त्यांनी शिकून घेतली, शिकवायला माणसं आली. हे तुझ्या त्या दोघातिघांना जरूर सांग.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेला जेम्स लॉसन नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९५३ मध्ये मिशनतर्फे हिस्लॉप कॉलेजात आला. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने वाचली ती ‘नागपूर टाइम्स’मध्ये. १९५६ मध्ये तो परत गेला, पुढच्या वर्षी ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात त्याची किंगशी भेट झाली, आणि शिक्षण संपायची वाट न बघता आत्ताच दक्षिणेत ये, असं किंगनी त्याला सांगितलं. तो टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेला. (त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात काय घडलं ते तुला सांगायला नको. काहीजण या दोन्हींची गाठ मारतात. मला त्याला आधार दिसत नाही. खरी गाठ हवी असेल तर १९४६ ची घे: बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.)

नॅशव्हिलमध्ये लॉसनने केलं ते तू नीट वाच, कारण तुमचं प्रकरण त्याच्याच जवळचं आहे: टेबलाचं आणि जेवणाचं.

आधी त्याने लोकांना विचारलं, सगळ्यात जास्त टोचतं काय? उत्तर बायकांनी दिलं. गावातल्या मोठ्या दुकानांत आम्ही हवा तेवढा पैसा खर्चायचा, पण पोरं दमली, भुकेली झाली तर तिथल्या खाण्याच्या काउंटरवर टेकायचं नाही. लक्ष्य तिथून ठरलं. मग चर्चच्या तळघरात महिनोन्‌महिने तालमी चालल्या. निम्म्यांनी गिऱ्हाईक व्हायचं, निम्म्यांनी गुंड. गुंडांनी घाणेरड्या शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, अंगावर पेय ओतायचं, खुर्चीवरून खाली ओढायचं. खाली पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर आपण मध्ये कसं जायचं, हेही शिकवलं जाई. नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये छोटे गट दोन दुकानांत जाऊन नुसती चाचपणी करून आले: जेवण मागितलं, नकार मिळाला, मॅनेजरशी सभ्यपणे बोलले, निघून आले.

१ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि देशभर वणवा लागला, तेव्हा नॅशव्हिलची पोरं तयार होती. १३ फेब्रुवारीला शंभराहून जास्त जण तीन दुकानांत बसले, कपडे नीटनेटके, हातात अभ्यासाची पुस्तकं. नियमावली त्यांच्यातल्याच जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या विद्यार्थ्यांनी बनवली होती: उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्याने हसायचं नाही, वाट अडवायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे. हसायचं नाही हा नियम मला फार शहाणा वाटतो. भांडणाची पहिली ठिणगी बहुतेक वेळा हसण्यातूनच पडते.

२७ फेब्रुवारीला मारहाण झाली. पोलिसांनी मार खाणाऱ्या ८१ विद्यार्थ्यांना पकडलं, मारणाऱ्यांना सोडलं. एक तुकडी गाडीत चढली की दुसरी त्याच खुर्च्यांवर येऊन बसे. कोर्टाने पन्नास डॉलर दंड ठोठावला. त्यांनी तो भरला नाही, तुरुंगात गेले. दुसरीकडे कृष्णवर्णीय वस्तीने ईस्टरची खरेदीच बंद केली. माझ्या मते दुकानदार नमले ते मुख्यतः यामुळे. नुसत्या बसण्याने त्यांचं मन पाझरलं असतं असं मला वाटत नाही. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी काही हजार लोक एक शब्द न बोलता महापौरांच्या कचेरीवर चालत गेले. तिथे डायान नॅश या मुलीने महापौर बेन वेस्ट यांना सर्वांसमक्ष सरळ विचारलं, निव्वळ रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? ते हो म्हणाले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. सिनेमागृहं आणि बाकीच्या हॉटेलांसाठी पुढेही लढावं लागलं. अशा भेदभावावर बंदी घालणारा देशभरचा कायदा १९६४ मध्ये आला. लॉसनला मात्र मार्चमध्येच त्याच्या विद्यापीठाने काढून टाकलं होतं. ही किंमत धरून चाल.

हरल्याचंही उदाहरण बघ. जॉर्जियातल्या ऑल्बनीत १९६१-६२ मध्ये एकदम सगळंच मागितलं गेलं: बस, वाचनालय, बगिचे, नोकऱ्या, सगळं. तिथला पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट किंगची पद्धत अभ्यासून बसला होता. चारचौघांत काठी उगारायची नाही, आसपासच्या गावांतले तुरुंग आधीच मोकळे करून ठेवायचे, लोकांना अदबीने उचलायचं. शेकडो अटका झाल्या, हाती फारसं काही लागलं नाही. तुमच्या वॉर्डनबाई प्रिचेटच्या वळणाच्या निघाल्या, चहा पाजून “समिती नेमू” म्हणाल्या, तर काय करायचं याचा विचार झालाय का? मारहाणीपेक्षा मला त्याची धास्ती जास्त आहे.

आणि अहिंसा म्हटलं की गांधी आठवून तुझ्या कपाळावर आठी पडते, ते मला ठाऊक आहे. मग महाड आठव. मार्च १९२७ मध्ये तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली, माणसं चिडून उठली होती; उलट हात उगारू नका म्हणून बाबासाहेबांनीच आवरलं. पुढे खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकला. माँटगोमेरीतही शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टातूनच आला. तेव्हा वकील आजच बघा.

आता तुमचं. मागणी एका वाक्यात लिहा, आणि ती मान्य करायचा अधिकार नेमका कुणाला आहे ते शोधा. वॉर्डनबाईंना असेल असं मला वाटत नाही. त्या टेबलावर रोज जेवणाऱ्या मुलींना विचारलंय का? तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. सगळ्यांनी बसायलाच हवं असं नाही: ज्याला स्वतःच्या हातांची खात्री नाही त्याने फोन सांभाळावा, नोंदी ठेवाव्यात, जामिनाची कागदपत्रं तयार ठेवावीत. ते काम कमी प्रतीचं नाही. मेसचे पैसे सगळ्यांनी मिळून थांबवता येतील का, त्याचाही हिशेब करा.

रविवारी दुपारी सगळ्यांना माझ्याकडे घेऊन ये. हॉलमधलं सामान हलवून ठेवतो. त्या दोघातिघांना विसरू नकोस. गुंडांचं काम पहिल्यांदा त्यांनाच देणार आहे.

तुझा,
सर