गिझर स्वतः बदलावा की माणूस बोलवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात वडगावला जुनं घर, न्हाणीतला 15 लिटरचा गिझर खालून गळायला लागलाय, तेवढाच नवा आणून ठेवलाय. तुम्ही उद्यमबागेत टर्नर आहात, पाना आणि ड्रिल रोजचंच. मग बसवायला दुसऱ्याला पैसे कशाला द्यायचे?

पाण्याकडचं काम तुम्ही खुशाल करा. आटे आणि वॉशर तुम्हाला कुठल्याही प्लंबरपेक्षा जास्त कळतात. विजेकडचं काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. आणि त्याला जुना गिझर उतरवायच्या आधी बोलवा, मुख्य म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, तपासायला.

एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. शहापुरात माझ्या बहिणीच्या घरी गरम पाण्याच्या नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. सासूबाई म्हणायच्या, थंडीनं होतंय. मेन बंद करून बोर्ड उघडला. सॉकेटमागे लाल आणि काळी तार नीट आवळलेली होती. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, मात्र दोन बोटं ठेवून कापलेली आणि टोकाला टेप गुंडाळून आत दुमडलेली. तिसरं भोक नुसतं दिसायला. गिझर दुकानातून आलेल्या माणसानंच बसवला होता, पाणसळ लावून, एक थेंब गळत नव्हता. म्हणजे माणूस बोलावला होता, पैसे दिले होते, आणि तरीही घर धोक्यात होतं. म्हणून ‘स्वतः की प्रोफेशनल’ एवढ्यावर निकाल लागत नाही. कोण काय तपासतो त्यावर लागतो.

गिझरच्या आतल्या हीटिंग एलिमेंटवर धातूची नळी असते. बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यावर साचतो, ती जास्त तापते आणि कधीतरी फुटते. मग करंट थेट पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो आणि पुरवठा तुटतो. नसेल तर ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या अंगातून जातो. इथे बरेच जण म्हणतात, एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका) आहे ना! 16 अँपिअरची एमसीबी माणूस वाचवायला नसतेच, ती तार जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा छोटा अंशही पुरतो, तेवढ्यानं ती हलत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, ती करंट गळतोय हे ओळखून पुरवठा तोडते. नव्या गिझरसोबत ती बसवून घ्याच. पण ती बसवली म्हणून अर्थिंग नको, असं समजू नका.

आपल्याकडच्या जुन्या घरांत आणखी एक गोम आहे. पूर्वी अर्थिंगची तार सर्रास नळाच्या जीआय पाइपला गुंडाळायचे. तो पाइप जमिनीत असायचा, त्यामुळे थोडंफार भागायचं. पुढे गंजलेला पाइप काढून पीव्हीसी टाकला की अर्थिंग गेलं, आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही. तुमच्या घरी नळाची लाइन बदलली असेल, तर आधी हेच बघायला सांगा. काही ठिकाणी सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात, ते तर फारच वाईट. न्यूट्रल कुठे सुटली की गिझरच्या अंगावर करंट येतो.

अर्थिंगचा खड्डा असला तरी एकदा मापायला लावा. आपल्याकडे पावसाळ्यात जमीन भिजलेली असते तेव्हा माप चांगलं येतं, एप्रिल-मेमध्ये मुरूम वाळला की तेच अर्थिंग कमजोर पडतं. वायरमन फेज (करंट आणणारी तार) आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजेल. ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कारण शोधायला सांगा. ‘सगळं ओके आहे’ म्हणून टेस्टर खिशात टाकणाऱ्यावर विसंबू नका, मीटरवरचा आकडा बघायला मागा.

तारेचंही बघा. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. 16 अँपिअरचा सॉकेट, बोर्डापासून निराळी आणलेली किमान 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. जुन्या वायरिंगमध्ये अॅल्युमिनियमची तार निघाली तर ती लाइन नवी ओढून घ्या.

आता तुमचं काम. नुसतं गिझरचं बटण बंद करून हात घालू नका. जुन्या घरांत बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, बटण बंद असूनही आत फेज जिवंत राहते. मेनच पाडा. पाणी निवू द्या. नळ उघडून टाकी रिकामी होत नाही, आत पंधरा लिटर तसंच असतं. वरून येणारं पाणी बंद करा, गरम नळ उघडा, आणि थंड बाजूच्या सेफ्टी व्हॉल्वचा खटका उचलून बादलीत सोडा. क्षारानं टाकी जड झालेली असते, खाली धरायला एक माणूस असू द्या.

नव्याला निळं टोक थंड, लाल गरम. सेफ्टी व्हॉल्व निळ्या बाजूलाच लावायचा आणि व्हॉल्व व गिझर यांच्यामध्ये कॉक टाकायचा नाही. पाणी तापताना त्याच्यातून थेंब पडतात, ते पडायलाच हवेत. पाणी फुगतं, त्याला वाट हवी. ठिबकतंय म्हणून एम-सील लावून ती वाट बुजवलेली मी पाहिली आहे. असं केलं तर दाब टाकीवर येतो आणि टाकी फुटू शकते. व्हॉल्वला बारीक नळी जोडून मोरीत सोडा. गिझरच्या आट्यांवर टेफलॉन टेप घ्या, पण पाना मारून आवळू नका. ते आटे टाकीलाच जोडलेले असतात आणि आतलं काचेचं अस्तर तडकू शकतं. गरम बाजूचा पाइप सीपीव्हीसीचाच, साधा पीव्हीसी मऊ पडतो.

पाण्यासकट गिझर पंचवीस किलोच्या घरात जातो. जुन्या भिंतीच्या सांध्यांत माती भरलेली असेल किंवा नवीन बांधकामात पोकळ सिमेंट ब्लॉक असतील, तर बोल्ट नुसता फिरतो. तसं वाटलं तर गवंड्याला विचारून भरीव जागा निवडा.

टाकी भरून गरम नळाला हवा न फुटता एकसारखी धार लागली, की मगच वीज सुरू. कोरड्या टाकीत एलिमेंट बघता बघता जळतं. वॉरंटी कार्डही आधी वाचा. कंपनीच्याच माणसानं बसवायचं अशी अट असेल, तर त्याला बसवू द्या, तुम्ही शेजारी उभे राहून वरचं सगळं बघा.

गॅस गिझरचा विचार करत असाल, तर त्यात स्वतः काहीच करू नका. बंद न्हाणीत जळणाऱ्या गॅसमुळे ऑक्सिजन घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, त्यामुळे माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. तो गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

आणि वायरमन येईपर्यंत आंघोळीला गॅसवर पातेलं तापवा. त्याच सॉकेटमध्ये बादलीतला रॉड लावू नका. अर्थिंग नसेल तर तो गिझरपेक्षाही वाईट, कारण माणूस पाणी तापलं का बघायला थेट बादलीत हात घालतो.