टिपण काढतानाच लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तपासणीत तुझ्या मसुद्याची इतरांच्या लेखनाशी जुळणी जास्त आली म्हणून तू रात्रभर समानार्थी शब्द शोधत बसलीस, हे वाचून वाईट वाटलं आणि चीडही आली. टर्निटिनसारखी लेखन तपासणारी संगणक प्रणाली चोरी पकडत नाही, फक्त जुळणारे शब्द दाखवते. अवतरणचिन्हांत, नावानिशी घेतलेला उताराही ती मोजते, तो वगळायला सांगितलं नाही तर. उलट एखाद्याचा अख्खा युक्तिवाद शब्द बदलून, त्याचं नाव गाळून मांडलास, तर जुळणीचा आकडा शून्याजवळ येईल आणि चोरी मात्र पुरेपूर असेल. ‘महत्त्वाचं’ खोडून ‘मोलाचं’ लिहिणं म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहिणं नव्हे गं.

टिपण काढतानाच लिही: कोणाचं, कुठल्या पानावरचं. जसंच्या तसं उतरवलंस तर अवतरणचिन्हं तिथेच घाल. ‘नंतर बघू’ म्हणू नकोस, नंतर वहीतलं सगळंच आपलं वाटायला लागतं. हेलन केलरने अकराव्या वर्षी लिहिलेली एक गोष्ट 1892 मध्ये छापली गेली आणि मार्गारेट कॅनबी यांच्या जुन्या कथेशी फार मिळतीजुळती निघाली. ती कथा आपल्याला कधी कोणी सांगितली होती, हे तिला आठवतही नव्हतं. तरी बिचारीची चौकशी झालीच. ती लहान होती, तू नाहीस. म्हणून टिपण काढतानाच लिही.

सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही. स्वतःचा जुना निबंध पुन्हा द्यायचा तर आधी शिक्षकांना विचार. एआयने सुचवलेले संदर्भ स्वतः उघडून बघ, नसलेली पुस्तकंही ते ठामपणे सांगतं.

एका हुशार मुलाच्या प्रबंधावर मी सही केली नव्हती. त्याचं वर्ष गेलं, आणि सहकारी अजून मला निष्ठुर म्हणतात. म्हणोत. कोणतं वाक्य कोणाचं, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. मी कशाखाली सही करणार होते? वाईट एवढंच वाटतं की त्याला हे पहिल्या वर्षीच दटावून सांगायला हवं होतं. तुला सांगतेय, तर मान वळवू नकोस.

तो मसुदा आता बाजूला ठेव. मूळ लेख वाच, मिटव, आणि न बघता तुला काय कळलं ते लिही. मग ताडून पाहा, लेखकाचं नाव घाल आणि शुक्रवारपर्यंत मला पाठव. टिपणांची वहीसुद्धा.

तुझी,
मॅडम