दोनशे शब्दांची यादी पाठ करण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी वही आठवली. मराठी माध्यम, स्पर्धा परीक्षेचा इंग्रजीचा पेपर महिन्यावर आणि प्राण्यांच्या समूहवाचक शब्दांची दोनशेची यादी पाठ करावी का, हा तुमचा प्रश्न. मीही ती घोकली होती, 'मर्डर ऑफ क्रोज' (कावळ्यांचा थवा) पासून 'एक्झाल्टेशन ऑफ लार्क्स' (चंडोलांचा थवा) पर्यंत.

असे बरेच शब्द १४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट अल्बन्स' या शिकारीवरच्या पुस्तकातल्या यादीतून आलेत. काही तर तेव्हाही गंमत म्हणूनच रचलेले. कावळ्यांना रोजच्या इंग्रजीत सरळ 'फ्लॉक' म्हणतात.

माझा घात केला तो व्हेलच्या कळपाला काय म्हणतात या प्रश्नाने. पर्यायांत 'पॉड' आणि 'स्कूल' दोन्ही होते. मी 'पॉड'वर खूण केली, उत्तरतालिकेत 'स्कूल' निघालं. दोन्ही बरोबर, म्हणजे प्रश्नच रद्द व्हायला हवा होता. शुल्क भरून आक्षेप घेतला, पण पुरावा म्हणून जोडली कुठल्याशा वेबसाइटची प्रिंट. चुकलं ते इथेच. शब्दकोशाचं पान हवं होतं, मुखपृष्ठ आणि आवृत्तीच्या पानासकट. हे कळेपर्यंत मुदत संपली. तरीही शब्दकोशाची झेरॉक्स घेऊन ऑफिसात दोनदा गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद न उलगडता परत सरकवला, "अंतिम तालिका बघा." अंतिम तालिकेत 'स्कूल'च, कारण एका ओळीचंही नाही. त्या प्रश्नाला दोन गुण होते आणि कटऑफ माझा दोनच गुणांनी हुकला. वर्षं झाली, अजून संताप होतो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: तीसेक शब्द पक्के करा, तेही अर्थासकट. 'लिटर' म्हणजे एका वेतातली पिल्लं, 'ब्रूड' म्हणजे एकदम उबवलेली. हंसबदकं (गीज) जमिनीवर किंवा पाण्यात असली तर 'गॅगल', उडताना 'स्केन'. 'स्कूल ऑफ फिश'मधल्या 'स्कूल'चा शाळेशी संबंध नाही, तो झुंड या अर्थाच्या डच शब्दावरून आलाय. आपण मराठीवाले अडकतो ते 'कळप'पाशी: गुरांचा कळप 'हर्ड', मेंढ्यांचा मात्र 'फ्लॉक'. टोळधाड आणि मधमाश्या दोन्हींना 'स्वॉर्म' चालतो.

आक्षेपाचे नियम परीक्षेगणिक बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, तुमच्या परीक्षेची जाहिरात वाचा. आणि शब्दकोशाच्या त्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा, तालिका लागल्यावर धावपळ नको. अजून एक, 'अ फ्लॉक ऑफ शीप'पुढे परीक्षेत 'इज'च लिहा. शेवटच्या 'शीप'कडे बघून 'आर' लिहिण्यात माझा आणखी एक गुण गेला होता.