राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूला देशभक्त म्हणता येईल का?

म्हणता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलिन केपरनिकने सैनिकांचा अपमान केला नाही का, असे आपण विचारले आहे. तो गुडघा टेकण्याचा सल्ला मुळात एका सैनिकाचा होता, हे बहुतेकांना ठाऊक नसते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या आणि पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीत चालू असताना बाकावर बसून राहत होता. त्यावर नेट बॉयर या ग्रीन बेरे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या विशेष दलातील माजी सैनिकाने त्याला खुले पत्र लिहिले आणि दोघांची भेट झाली. बाकावर बसण्याऐवजी सहकाऱ्यांच्या शेजारी गुडघा टेकावा, कारण सैनिकही हुतात्मा साथीदाराच्या कबरीसमोर तसेच करतात, असे बॉयरनेच सुचवले. १ सप्टेंबरला सॅन डिएगो येथे केपरनिक आणि त्याचा सहखेळाडू एरिक रीड गुडघ्यावर बसले, तेव्हा बॉयर छातीवर हात ठेवून शेजारी उभा होता.

हे सारे मला पाठ आहे, याचे कारण घरगुती आहे. त्याच हंगामात येथे कॅलिफोर्नियात शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळणाऱ्या माझ्या मुलीने आपल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीसोबत गुडघा टेकला. शाळेने काही केले नाही, आणि करताही आले नसते. सरकारी शाळेला ध्वजवंदनाची सक्ती करता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात ठरवून ठेवले आहे. आक्षेप आला तो सातारा जिल्ह्यातून. सुभेदार पदावरून निवृत्त झालेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी छायाचित्र पाहताच फोन करून, पोरीला संस्कार दिले नाहीत, असे मला सुनावले. मी बॉयरची हकीकत सांगितली, तर म्हणाले, “गुडघा गेलेल्या जवानासाठी टेकायचा असतो, मॅचच्या आधी नाही.” वहिनींनी फोन काढून घेतला म्हणून विषय तेवढ्यावर थांबला.

याच दादांनी एका पंधरा ऑगस्टला काय केले होते, ते आमच्या गावात सर्वांना आठवते. पाणीयोजनेचे पैसे खाल्ल्याचा आरोप असलेला सरपंच ध्वजारोहण करणार म्हणून दादा छातीवर पदके लावून आले आणि ग्रामपंचायतीच्या फाटकाबाहेर, भर रस्त्यावर सावधान उभे राहिले. बोलवायला आलेल्यांना त्यांनी एवढेच सांगितले की आधी हिशेब दाखवा, मग आत येतो. गावाने याला बाणेदारपणा म्हटले, आणि मलाही त्याचा अभिमान वाटला. आपला विरोध सरपंचाला होता, झेंड्याला नव्हता, असे ते आजही सांगतात. मला ते मान्य आहे. मात्र त्यांनी त्यासाठी ग्रामसभेचा दिवस न निवडता झेंड्याचाच दिवस निवडला, कारण इतर वेळी कोणी ऐकत नव्हते. केपरनिकचेही नेमके हेच झाले, फक्त त्याला त्याची किंमत जास्त पडली. दादांची पेन्शन चालू राहिली. संघाला २०१३ च्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणाऱ्या केपरनिकने मार्च २०१७ मध्ये करार सोडल्यावर त्याला लीगमधील एकाही संघाने घेतले नाही.

भारतापुरते थोडक्यात सांगतो. १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रगीत जाणूनबुजून थांबवणे किंवा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. धार्मिक श्रद्धेमुळे न गाणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चुकीचे ठरवले. मात्र ती मुले आदराने उभी राहत होती, त्यामुळे गुडघ्यावर बसणाऱ्याला तो निकाल तारेल, अशी खात्री मी देणार नाही.

केपरनिकचे सगळेच मला पटते असेही नाही. पोलिसांना डुकरांच्या रूपात दाखवणारे मोजे घालून सराव करणे हा पोरकटपणा होता, आणि २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान न करणे तर मला अजिबात रुचले नाही.

आपल्या घरीही हा वाद चालू असावा, असे प्रश्नाच्या सुरावरून वाटते. तसे असेल तर समोरच्याला कलमे ऐकवत बसू नका. त्यांनी स्वतः कधी कोणत्या समारंभात सामील व्हायचे नाकारले होते, ते विचारा. मी दादांना विचारले आहे. “ते वेगळे होते” एवढेच उत्तर मिळाले आहे. कसे वेगळे, ते त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.