आधी महिन्याचा खर्च मांड

तुझ्या नव्या रेडिओ केंद्राच्या खर्चाची शीट बघितली. ट्रान्समीटर, मास्ट म्हणजे अँटेनाचा उंच खांब, स्टुडिओचं साउंडप्रूफिंग, सगळ्याची तीन-तीन कोटेशनं, आणि पार तळाला एका ओळीत ‘इतर चालू खर्च’. वर मला विचारतोस की मास्ट २० मीटरचा घेऊ की ३० चा, काही सुचत नाहीये. अरे कसं सुचेल, आधी महिन्याचा खर्च मांड ना!

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं बघ, इंग्रजांच्या काळात रेडिओ केंद्रं चालवणारी खासगी कंपनी. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉयच्या हस्ते सुरू, पुढच्याच महिन्यात कलकत्ता, दोन्हीकडे दीड-दीड किलोवॉटचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर. भांडवल कागदावर १५ लाख, हातात आले ६, त्यातले साडेचार केंद्रं उभी करण्यातच गेले. उरले दीड लाख आणि महिन्याचा खर्च ३३ हजार, म्हणजे पाच महिनेसुद्धा नाहीत. कमाई काय, तर घरी रेडिओ ठेवायच्या लायसन्सचे वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीला. १९२७ संपताना लायसन्सं ३,५९४. कर गुणाकार. २९ हजारही होत नाहीत, अख्ख्या वर्षाचे! आयात होणाऱ्या रेडिओ सेटांवरही थोडं मिळायचं, पण सेट घेणार किती जण. मग काटछाट करून खर्च २४ हजारांवर आणला, तरी १ मार्च १९३० ला कंपनी गुंडाळलीच.

तू म्हणशील ट्रान्समीटरच लहान होता, पोचच जेमतेम तीसेक मैल. खरंय. पण मोठा घेतला असता तर त्याचं लाइटबिल कोण भरणार होतं? दिल्लीला १९३६ साली २० किलोवॉटचा लागला, तो सरकारने लावला, मागे तिजोरी होती. तुझ्यामागे कोण आहे? म्हणून म्हणतो, आधी महिन्याचा खर्च.

नोकरीत प्रत्येक नव्या सेटअपच्या मीटिंगला मी हेच बोलायचो, लोक पनवती म्हणायचे, उद्घाटनाच्या फोटोत मला कधी घेतलं नाही. त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण डिझेल संपलं की फोन मलाच यायचा, आणि माझ्या वहीत त्याची तरतूद असायची, त्यामुळे मी काय चुकीचं बोलत होतो ते अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

तुझं काम चांगलंय रे, आवाजाची जाण आहे तुला, म्हणूनच एवढा चिडतोय. ती एक ओळ फोड. लाइटबिल, जनरेटरचं डिझेल, यूपीएसच्या बॅटऱ्या, अर्थिंगची देखभाल, एक स्पेअर पॉवर अॅम्प्लिफायर, दोन माणसांचे पगार, हो, पगार, ‘स्वयंसेवक येतील’ हे मला लिहून पाठवू नकोस. बारा महिन्यांचं मांड, मग मास्टचं बोलू. आणि ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या फीडर केबलचा रेट कुठल्या जमान्यातला टाकलायस, तोही बदल.