३०० डीपीआय केलं तरी चित्र धूसरच?

प्रश्न : मी फ्लुइड फ्लोचं सिम्युलेशन करते, रिझल्ट पॅराव्ह्यूमध्ये (असा डेटा चित्ररूपात दाखवणारं सॉफ्टवेअर) बघते. पेपरसाठी प्रिंट स्क्रीन मारून चित्रं टाकली तर जर्नलने परत पाठवली, म्हणे ३०० डीपीआय पाहिजे. मग इमेज एडिटरमध्ये ७२ चं ३०० केलं, तरी अक्षरं फाटतातच. काय करू?

उत्तर : अहो, नुसता तो डीपीआयचा आकडा बदलून पिक्सेल थोडेच वाढतात! एका इंचात किती पिक्सेल बसवायचे एवढंच तो सांगतो, आणि एडिटरने चित्र ताणून मोठं केलं तरी मधले पिक्सेल तो अंदाजानेच भरणार. म्हणून उलटीकडून सुरुवात करा. कागदावर चित्र किती रुंद छापायचंय ते आधी ठरवा, समजा १७ सेंमी, म्हणजे साधारण ६.७ इंच, गुणिले ३००, झाले २००० च्या आसपास पिक्सेल. आता फाइल मेनूत 'सेव्ह स्क्रीनशॉट' आहे तिथे रुंदीला २००० टाका, पॅराव्ह्यू अख्खा सीन त्या साइझला नव्याने रेंडर करतं, म्हणजे चित्र पुन्हा काढतं, तुमचा मॉनिटर केवढा का असेना. तिथेच फॉन्ट प्रमाणात मोठे करायचा ऑप्शन आहे तो चालू ठेवा, नाहीतर कलर बारवरचे (रंगांच्या पट्टीवरचे) आकडे मुंगीएवढे येतात. बॅकग्राउंडही पांढरं करून घ्या, तो डिफॉल्ट करडा रंग छापल्यावर फार मळकट दिसतो.

फाइल पीएनजी. जेपेग नकोच, ते ८×८ पिक्सेलचे चौकोन करून कॉम्प्रेस करतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेला डाग पडतात. फोटोत कळत नाही, ग्राफमध्ये लगेच दिसतं.

नुसते लाइन प्लॉट असतील तर 'एक्स्पोर्ट सीन' करून पीडीएफ किंवा एसव्हीजी घ्या, त्यात रेषा पिक्सेलऐवजी आकार म्हणून साठतात, मग डीपीआयची भानगडच नाही.

आणि चित्र सेव्ह केलं की लगेच 'सेव्ह स्टेट' पण करा, त्यात कॅमेरा, रंग अशी सगळी मांडणी साठते. रिव्ह्यूअर सहा महिन्यांनी "कलर स्केल बदला" म्हणतो तेव्हा तोच कॅमेरा अँगल हाताने परत जुळवणं म्हणजे डोक्याला ताप! फक्त त्या स्टेट फाइलमध्ये डेटा नसतो, डेटाच्या फाइलचा पत्ता असतो, तेव्हा फोल्डर हलवू नका.

प्रश्न : मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची ग्राफ काढायची लायब्ररी) प्लॉट स्क्रीनवर नीट दिसतो पण सेव्ह केलेली फाइल कोरी निघते?

उत्तर : 'शो' (प्लॉट दाखवणारी ओळ) आधी आणि 'सेव्हफिग' (फाइल सेव्ह करणारी ओळ) नंतर लिहिलंय ना? विंडो बंद केली की ती फिगर गेली, मग सेव्हफिग नवी रिकामी फिगर उघडून तीच सेव्ह करतं. दोन ओळींची अदलाबदल करा.